मम म्हणा

सकाळी साडेआठला आमच्या गाईडने पार्किंग लॉटमध्ये सगळ्यांना गोल उभं केलं आणि दोन नियम सांगितले. पहिला : काही दिसलं, ऐकू आलं, पायाखाली जाणवलं, तर मला सांगायचं. क्षुल्लक वाटलं तरी सांगायचं. दुसरा : तुमच्यापैकी कुणीही, कधीही 'मला पुढे जायचं नाही' असं म्हटलं, तर सगळे परत फिरणार. कारण विचारलं जाणार नाही, मतदान होणार नाही. आम्ही सहाही जणांनी माना डोलावल्या. मी जरा जास्तच उत्साहाने डोलावली.

पुढच्या चार तासांत मी पहिला नियम मोडला, आणि दुसरा नियम वापरणाऱ्या बाईंवर मनातल्या मनात चिडलो. ही गोष्ट त्या दोन नियमांची आहे. हिमस्खलन वगैरे काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. थरारक काहीतरी वाचायला मिळेल म्हणून कुणी थांबलं असेल, तर त्यांची निराशा होईल.

मी सिएटलला येऊन तीन वर्षं झाली. इथले लोक हिवाळ्यात शनिवारी सकाळी गाडीच्या टपावर स्की बांधून पूर्वेकडे निघतात. तासाभरात स्नोक्वाल्मी पास नावाची खिंड येते. खिंडीची उंची साधारण ९२० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही कमी. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्यात काय एवढं?" त्यात एवढं हे, की ही खिंड ४७ अंश अक्षांशावर आहे, पॅसिफिकवरून येणारी ओल इथे अडते, आणि एका हिवाळ्यात दहा मीटरच्या आसपास बर्फ पडतो. महाबळेश्वरला जसा पाऊस कोसळतो, तसा इथे बर्फ.

स्की मला येत नाही, आणि तिशीच्या उंबरठ्यावर सात वर्षांच्या पोरांसमोर उताणं पडायची हौसही नाही. म्हणून स्नोशू. पायाला बांधायच्या रुंद, चपट्या फळ्या, खाली लोखंडी दात. वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरतं, त्यामुळे कमरेपर्यंत रुतण्याऐवजी वीतभरच रुततो. चढ लागला की टाचेखाली एक तार उभी करायची, म्हणजे उंच टाचेच्या चपला घातल्यासारखं होतं आणि पोटऱ्या वाचतात. चालता येत असेल तर स्नोशू घालून चालता येतं. अडचण फक्त कुठे चालायचं ही असते. स्की रिसॉर्टच्या हद्दीत बर्फावर कुणाची तरी देखरेख असते, धोकादायक उतारांवर सकाळीच स्फोटकं लावून सैल बर्फ पाडून टाकतात. त्या हद्दीच्या बाहेर जे सगळं असतं त्याला म्हणतात बॅककंट्री. तिथे बर्फ जसा पडला तसा असतो आणि त्याची जबाबदारी कुणाचीच नसते.

म्हणून गाईड घेतला. एका छोट्या कंपनीची दिवसभराची सहल, अल्पेंटलच्या दरीतून सोर्स लेकपर्यंत. आदल्या रात्री त्यांचा फॉर्म आला. चार पानं, मजकूर साधारण असा, की काहीही झालं तरी आम्ही जबाबदार नाही. मी शेवटपर्यंत स्क्रोल केलं आणि बोटाने सही केली. ॲपच्या अटी मान्य करायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला.

पार्किंगमध्ये प्रत्येकाच्या छातीवर बीकन बांधला. तो ४५७ किलोहर्ट्झवर सतत सिग्नल पाठवत राहतो, म्हणजे कुणी गाडलं गेलं तर बाकीचे आपापले बीकन शोधायच्या मोडवर टाकून त्याला हुडकू शकतात. पाठीवर फावडं आणि घडीची लांब सळई. गाईडने शांतपणे सांगितलं, की गाडलेला माणूस पहिल्या पंधराएक मिनिटांत बाहेर निघाला तर जगण्याची शक्यता चांगली, त्यानंतर झपाट्याने कमी. "म्हणून मदत बोलावायला वेळ नसतो. मदत म्हणजे तुम्हीच." मग त्याने त्या दिवसाचा अंदाज वाचला. नॉर्थवेस्ट ॲव्हलांच सेंटर रोज तो काढतं. धोक्याच्या पाच पातळ्या असतात. वरच्या भागात तिसरी, आम्ही जाणार त्या झाडीच्या पट्ट्यात दुसरी. तिसरी ही मोठी फसवी पातळी आहे, तो म्हणाला. चौथ्या-पाचव्याला लोक घरीच बसतात. सर्वाधिक माणसं मरतात ती तिसरीच्या दिवशी.

आणि बहुतेक वेळा स्खलन आकाशातून येत नाही. दहापैकी नऊ अपघातांत ते सुरू करणारा त्याच गटातला कुणीतरी असतो. वरती वाऱ्याने दाबलेला टणक थर, त्याखाली जाड साखरेसारखा भुसभुशीत थर. वरून माणसाचं वजन पडलं की खालचा थर खचतो. तो खचताना हवा बाहेर पडते आणि आवाज येतो. धप्प. इंग्रजीत त्याला 'वुम्फ' म्हणतात, उच्चारलं की तसाच आवाज होतो. सपाटीवर असाल तर फक्त आवाज. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर किंवा त्याच्या पायथ्याशी असाल, तर वरची अख्खी लादी सुटू शकते. "हा आवाज म्हणजे डोंगर स्वतः सांगतोय," गाईड म्हणाला. "ऐकलात तर मला सांगा."

मी हे सगळं इतकं तपशीलवार लिहू शकतोय, म्हणजे मला ते नीट कळलं होतं. माहिती नव्हती ही सबब माझ्याकडे नाही.

दोन तास सुंदर गेले. देवदारासारखी उंच झाडं, फांद्यांवर बर्फाच्या उशा, आणि शांतता अशी की स्वतःच्या जॅकेटची घासाघीस मोठी वाटावी. आमच्यात एक तरुण जोडपं, एका बँकेत काम करणारे दोन मित्र, मी, आणि पंचावन्न-साठीच्या एक बाई, शाळेच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या. बाई सगळ्यांत मागे. त्यांच्यासाठी आम्ही तीनदा थांबलो. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा मी मनात हिशेब केला, की या वेगाने तलाव काही दिसत नाही.

त्याच थांब्यावर सगळे थर्मासमधला चहा पीत असताना मी फोटो काढायला वीस-पंचवीस पावलं बाजूला गेलो. झाडी संपत होती, समोर मोकळा पांढरा उतार होता, वर कडा. फोन काढला, एक पाऊल पुढे टाकलं, आणि पायाखाली काहीतरी बसलं. फार नाही. जुन्या वाड्यातल्या लाकडी माडीवर एखादी फळी किंचित दबावी तसं. आवाजही आला, पण तो मी कानाने ऐकला की पायाने, हे आजही सांगता येणार नाही.

मी उभा राहिलो. मग फोटो काढला. मग परत आलो आणि चहा घेतला.

परत येतानाच्या त्या पंचवीस पावलांत माझ्या डोक्यात काय चाललं होतं, ते मी नंतर बरेच दिवस आठवून पाहिलं. 'हे धोक्याचं नाही' असं मी ठरवलं नव्हतं. मी ठरवलं, की हे ठरवणं माझं काम नाही. गाईड वीस वर्षं या डोंगरात फिरतोय, त्याला दिसेलच. मी पहिल्यांदा स्नोशू घातलेला माणूस, बर्फ म्हणजे माझ्यासाठी फ्रीझरमधला. माझा स्नोशू घसरला असेल. आणि याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती लिहायला लाज वाटते : त्या गटात मी एकटा भारतीय होतो, आणि 'घाबरलेला देशी' व्हायचं नव्हतं. ऑफिसात तीन वर्षं हेच तर शिकलोय. मीटिंगमध्ये शंका विचारायची तर आधी खात्री करायची, ती मूर्खपणाची नाही ना. खात्री होईपर्यंत मीटिंग संपते.

पुढे वाट तो मोकळा उतार पायथ्याजवळून ओलांडत होती. गाईडने फावड्याने एक छोटा खड्डा खणला, थर बोटांनी चाचपले, थोडा वेळ वर पाहिलं. म्हणाला, इथला बर्फ मला ठीक वाटतोय, आपण एकेक करून जाऊ, मध्ये भरपूर अंतर ठेवू. मग प्रत्येकाकडे पाहत विचारलं, "सगळे ठीक?"

सगळ्यांत आधी 'हो' म्हणालो तो मी.

जोडपं हो म्हणालं, दोघे मित्र हो म्हणाले. बाई म्हणाल्या, "नाही. मला नाही जायचं."

गाईडने एक सेकंदही घेतला नाही. "थँक यू," म्हणाला आणि वळला. आम्ही आल्या पावलांनी परत निघालो. तलाव तिथून फार तर वीस मिनिटांवर असेल.

पार्किंगमध्ये बाई त्यांच्या गाडीकडे गेल्यावर त्या दोन मित्रांपैकी एक जण म्हणाला, त्या दमल्या होत्या, दुसरं काही नाही. मी हसलो. आणि "सरळ दमले म्हणायचं ना," असं वर जोडलं. पायाखाली फळी दबल्यासारखं झालं होतं ते मला तेव्हाही आठवत होतं. तरी मी हे बोललो.

आता मूळ प्रश्न. ज्याला कळतं त्याच्या हाती आपण निर्णय सोपवतो, तेव्हा नक्की काय काय सोपवतो?

सोपवणं वाईट नाही, हे आधी मान्य करू. सगळं स्वतः तपासून जगायचं ठरवलं तर सकाळचा चहा पण होणार नाही. विमानात बसताना मी पंख ठोकून बघत नाही. सर्जनला 'इथे कापा' म्हणत नाही. 'स्वतः विचार करा' हा सल्ला छान वाटतो, पण त्या उतारावर मी स्वतः विचार केला असता तर तो कवडीमोल असता. गाईडचे पैसे मी त्याच्या विचारासाठीच दिले होते.

पण भूल दिल्यावरही दुखत असेल, तर सर्जनला ते सांगावंच लागतं. तिथे 'तुम्ही तज्ज्ञ, तुम्हाला कळेलच' म्हणता येत नाही, कारण दुखणं त्याला कळूच शकत नाही. दुखतंय तो देह त्याचा नाही. बर्फावरही तेच. गाईडचं ज्ञान माझ्यापेक्षा शंभरपट, पण त्या क्षणी त्या जागेवर पाय माझे होते. माझ्या पायाखाली काय झालं याचा एकुलता एक साक्षीदार मी. अर्थ लावणं त्याचं काम होतं, हे बरोबरच. सांगणं माझं होतं. मी दोन्ही त्याच्यावर टाकलं, आणि त्यातलं दुसरं उचलायला तो तिथे हजरच नव्हता.

आणखी वाईट भाग असा, की मी नुसता गप्प राहिलो नाही. मी 'हो' म्हणालो. त्याने विचारलं ते रिवाज म्हणून नव्हतं, तो माहिती गोळा करत होता. माझा 'हो' त्याच्या हिशेबात जाऊन बसला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघून निर्धास्त, तो आमच्या चेहऱ्यांकडे बघून निर्धास्त. दोन आरसे समोरासमोर ठेवावेत तसं. प्रतिबिंबं अनंत, पण मध्ये माणूस कुणीच नाही.

हे मी आधी पाहिलेलं आहे. कॉलेजात असताना पावसाळ्यात आमचा तीसेक जणांचा घोळका अंधारबनला गेला होता. एक ओढा फुगलेला. लीडर म्हणजे आमच्याच कॉलेजचा, वर्षाने मोठा मुलगा. त्याने ओरडून विचारलं, "काय रे, जायचं ना?" आणि तीस गळ्यांतून "होऽऽ" आला. हातात हात धरून पार झालो, कुणाची तरी एक चप्पल वाहून गेली, तिच्यावर परतीच्या बसमध्ये गाणं रचलं. संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो लीडर मला म्हणाला, "एक जण जरी नको म्हणाला असता ना, तर मी सुटलो असतो." मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं होतं.

आणि हा प्रकार नवशिक्यांचाच असतो असंही नाही. १९ फेब्रुवारी २०१२ ला, आम्ही होतो तिथून उत्तरेला, याच पर्वतरांगेतल्या स्टीव्हन्स पासच्या मागच्या बाजूला टनेल क्रीक नावाच्या उतारावर सोळा जण स्की करायला गेले. बहुतेक सगळे पट्टीचे, काहींची तर रोजीरोटी त्यावर. स्खलन झालं, तिघे गेले. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या जॉन ब्रँचने त्यावर 'स्नो फॉल' हा दीर्घ लेख लिहिला, त्याला २०१३ चं पुलित्झर मिळालं. फोनवर वाचण्यासारखा आहे, जरूर वाचा. मला त्यात सगळ्यांत जास्त टोचलं ते हे, की त्यातल्या अनेकांना वर उभं असतानाच शंका आली होती. एवढे जाणकार सोबत आहेत, मी कोण बोलणारा, म्हणून ती बोलली गेली नाही. ते जाणकारच एकमेकांबद्दल असा विचार करत होते. इयन मॅकॅमनने अमेरिकेतले ७१५ हिमस्खलन अपघात अभ्यासून माणसं ज्या सापळ्यांत अडकतात त्यांची यादी केली. त्यातल्या एकाचं नाव त्याने ठेवलं 'एक्स्पर्ट हेलो', म्हणजे तज्ज्ञाभोवतीचं तेजोवलय. देवाच्या तसबिरीत डोक्यामागे असतं ते. पण ते वलय तज्ज्ञ स्वतः लावून घेत नाही. मागे उभे असणारे लावतात.

आमच्याकडे गणपतीत एका वर्षी बाबा दौऱ्यावर होते म्हणून पूजेला मला बसवलं. बारा-तेरा वर्षांचा असेन. गुरुजी भराभर संकल्प म्हणत होते आणि मध्येच माझ्याकडे बघून म्हणाले, "मम म्हणा." मी म्हटलं, "मम." सगळी पूजा झाल्यावर मी आजोबांना विचारलं, मम म्हणजे काय? ते म्हणाले, "माझं. मंत्र येतात गुरुजींना. पण पूजा कुणाची, ते तू सांगायचं."

मराठीत आपण 'मम म्हणणं' हा वाक्प्रचार बरोब्बर उलटा वापरतो. नेत्याने ठरवलं, बाकीच्यांनी मम म्हटलं. म्हणजे काही न कळता, न बघता होकार दिला. जो शब्द 'हे माझं आहे' असं सांगण्यासाठी होता, तोच 'हे माझं नाही, तुम्हीच बघा' या अर्थाने रूढ झाला. एखाद्या भाषेने आपल्या माणसांना इतकं अचूक ओळखावं, हे जरा भीतिदायकच आहे. ऑफिसात कोड रिव्ह्यूला आलेल्या बाराशे ओळी न वाचता मी 'लुक्स गुड' लिहितो, तेव्हा मी कुठला मम म्हणतोय हे मला चांगलं ठाऊक असतं.

यावर एक आक्षेप मी स्वतःच स्वतःवर घेतला होता. काही झालं तर नाहीच ना? पुढचा आठवडाभर मी ॲव्हलांच सेंटरची साइट रोज बघत होतो. त्या उतारावर काही पडल्याची नोंद आली नाही. कदाचित गाईडचा खड्डा बरोबर सांगत होता आणि आम्ही सहज पार गेलो असतो. खरं सांगायचं तर नोंद न आल्याने मला थोडं वाईट वाटलं. तो उतार कोसळला असता तर बाई बरोबर ठरल्या असत्या, मी चूक, आणि हिशेब पूर्ण झाला असता. टॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये या कोड्याला 'मॉरल लक' असं नाव दिलं : ब्रेक न तपासता गाडी काढणारे दोन ड्रायव्हर, एकाच्या वाटेत मूल येतं, दुसऱ्याच्या येत नाही. चूक दोघांची तीच, पण आयुष्यभर एकच जण ती वाहतो. मी तो दुसरा ड्रायव्हर आहे. माझ्या चुकीने काहीच केलं नाही, म्हणून तिला धरायला कुठे मूठच नाही.

बाईंच्या बरोबर असण्याचंही तेच. परत फिरण्याचा निर्णय योग्य होता याचा पुरावा कधीच मिळत नाही. न झालेल्या अपघाताचा फोटो नसतो. त्यांना हाती काय लागलं? पाच लोकांची मोडलेली सहल, आणि पार्किंगमधलं ते हसणं, जे त्यांनी ऐकलं नसावं अशी मला आशा आहे. निघताना जोडप्यातल्या मुलीने त्यांना विचारलं होतं, काही दिसलं का तिथे? त्या म्हणाल्या, "नाही. मला बरं वाटलं नाही, एवढंच." माझ्याकडे कारण होतं आणि मी गप्प होतो. त्यांच्याकडे कारण नव्हतं आणि त्या बोलल्या. कदाचित त्या खरोखर नुसत्या दमल्या असतील. त्यानेही फरक पडत नाही. नियमात दमण्याला बंदी नव्हती.

चौथ्या दिवशी मी गाईडला मेल लिहिली. माफीबिफी पहिल्या दोन परिच्छेदांत, मग काय घडलं ते. मला वाटलं होतं तो रागावेल किंवा 'इट्स ओके' म्हणेल. त्याने दोन्ही केलं नाही. 'तिथेच सांगायला हवं होतंस. नेमकी जागा सांगू शकतोस का? उंची, उताराचं तोंड कुठल्या दिशेला?' एवढंच उत्तर.

मला कुठलं माहीत असायला? मग आठवलं, फोटो काढला होता. फोन प्रत्येक फोटोसोबत अक्षांश, रेखांश, उंची आणि कॅमेऱ्याची दिशा लिहून ठेवतो. मी ते आकडे काढून पाठवले. तासाभरात त्याचं उत्तर आलं, की त्याने ती नोंद ॲव्हलांच सेंटरला पाठवली आहे. कुणीही पाठवू शकतं, त्यांना लोकांच्या नोंदी हव्याच असतात. चार दिवस शिळी, पण थरांचा अंदाज बांधायला थोडी उपयोगी.

त्याला मी आणखी एक विचारलं, त्या बाईंना माझ्यातर्फे काही कळवता येईल का. ग्राहकांचे पत्ते देत नाही, तो म्हणाला, पण तू लिही, मी पुढे पाठवतो.

ते पत्र अजून ड्राफ्टमध्ये आहे. काल पुन्हा उघडून बघितलं तेव्हा लक्षात आलं, पहिलं वाक्य असं होतं : 'थांबलो होतो तिथे बर्फ खचल्याचं जाणवलं होतं.' कुणाला, ते लिहिलंच नव्हतं. ते आता दुरुस्त केलंय.